काचेवर तीनदा

हे घडलं आहे. माझ्याच बाबतीत घडलं आहे. कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे, पण रचून सांगतो असं म्हणू नका. रचायची अक्कल असती तर मी यात स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

दिवस मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीन. आणि असं दोनदा झालं. मधे आठ महिने गेले.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रहदारी चालू होती.

जागा म्हणजे गाड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानामागची शेड. लांबट, वर पत्रा, एका टोकाला लोखंडी शटर. आत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या.

एक जुनी. एक नवी.

आधी माझं काम सांगतो. मी वापरलेल्या गाड्या तपासून देतो. कोणाला अशी गाडी घ्यायची असली की मला बोलावतात. मी इंजिन बघतो, खाली झोपून बघतो, रंगाखाली काय दडवलंय ते बघतो आणि सांगतो, घ्या किंवा नका घेऊ. सत्तावीस वर्षं हेच केलं. त्यातली बावीस वर्षं आमची ही माझ्याबरोबर होती. म्हणजे माझी बायको.

लोकांना वाटायचं ही सोबतीला येते. खरं तर कान हिचे होते.

इंजिनाजवळ उभं राहिलं की इंजिनच ऐकू येतं. गाडी कुठे कुरकुरते ते आत बसलेल्यालाच कळतं. म्हणून आमची पद्धत ठरलेली होती. मी पुढे, बॉनेट उघडून. ही आत, शेजारच्या सीटवर. काचा बंद, दार बंद, डोळेही बंद. बॉनेट वर केलं की आम्ही एकमेकांना दिसायचो नाही आणि बोललेलं ऐकू जायचं नाही. मग ही अंगठीने काचेवर वाजवायची.

एकदा वाजवलं, तर आवाज पुढून येतोय.

दोनदा, तर मागून.

तीनदा वाजवलं, तर इंजिन बंद करा.

तीनदा असं हिने बावीस वर्षांत चार-पाच वेळा वाजवलं असेल. एकदा सीटखालून उंदीर निघाला होता. मी इंजिन बंद करून धावत गेलो तर ही काच खाली करून शांतपणे म्हणाली, "अहो, ही विकली गेलीय वाटतं. आत गिऱ्हाईक बसलंय."

एक नियम माझा होता. तपासणी चालू असताना दार उघडायचं नाही. बाहेरचा आवाज आत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पहिल्याच वर्षी हिने काहीतरी विचारायला दार उघडलं होतं, तेव्हा मी चार माणसांसमोर हिच्यावर ओरडलो होतो. त्यानंतर हिने एकदाही मधेच दार उघडलं नाही.

हे लक्षात ठेवा.

आणखी एक. हिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं. गाडीच्या दारात बोट सापडलं होतं, नख परत आलं ते तसंच आलं. दार मीच लावलं होतं.

आता पहिला मंगळवार.

गिऱ्हाईक होते दातांचे डॉक्टर. पन्नाशी उलटलेले, बोलके. "आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं," म्हणाले, "आता जरा रस्त्याकडे बघतो म्हटलं."

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या, नुसत्या उभ्या असल्या तरी पळतायत असं वाटायला लावणाऱ्या. जुनी सव्वीस वर्षांची, गडद हिरवी. गिअर हाताने टाकायचा, किल्ली फिरवायची, आत एकही स्क्रीन नाही. नवी मागच्याच वर्षीची, पांढरी. तिला सगळं कळायचं. कोण कुठे बसलंय, पट्टा लावलाय की नाही, दार नीट लागलंय की नाही.

डॉक्टरांचं मन जुनीवर होतं. त्यांच्या मॅडमचं नवीवर. त्या दिवशी मॅडम आल्या नव्हत्या. त्यांनी आमच्या हिला कधीच पाहिलं नाही. हेही लक्षात ठेवा.

व्यापाऱ्याला सगळे गॉगल म्हणायचे. शेडमध्येसुद्धा काळा चष्मा काढायचा नाही. त्याला कुठलीही गेली तरी चालणार होतं.

"ताई, तुम्हीच सांगा," डॉक्टर हिला म्हणाले, "माणसाने जुनी घ्यावी की नवी?"

"मला नका विचारू," ही म्हणाली. "माझ्याकडे जुनंच आहे, आणि ते बदलून देत नाहीत."

गॉगल हसला. मीही हसलो.

हिला सर्दी होती. नाकाला बाम चोळून आली होती. "नाक आज सुट्टीवर आहे," म्हणाली.

"कान आहेत ना?"

"कान आहेत."

आमचं शेवटचं बोलणं ते.

बाहेर कोणीतरी फरशी कापत होतं. त्या आवाजात काही ऐकू आलं नसतं म्हणून मी गॉगलला शटर ओढायला लावलं. एक वीतभर उघडं ठेवलं. जुनीच्या मागच्या नळीला रबरी पाइप लावून तो शटरखालून बाहेर सोडला. धूर बाहेर जायला. एवढी काळजी मी नेहमी घ्यायचो.

हिने सीट पुढे ओढून घेतली, दार लावलं. मी बॉनेट वर केलं.

एकदा वाजलं. पुढे एक पत्रा सैल होता.

थोड्या वेळाने दोनदा वाजलं. मागे डिकीचं बिजागर.

मग डॉक्टरांनी मला पलीकडे नवीकडे बोलावलं. त्यांना नवीचे ब्रेक दाखवायचे होते. मी परत आलो तेव्हा ही सीटवर तशीच बसलेली होती. हात मांडीवर, डोळे मिटलेले, गाल गुलाबी. मला वाटलं ऐकतेय. मला वाटलं, आज छान दिसतेय...

मी बाहेरून काचेवर टकटक केली.

ही हलली नाही.

इंजिनाजवळ धुराच्या पाइपला तडा होता. केसाएवढा. आणि इंजिन आणि आतली जागा यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं, त्याचं रबरी बूच पडलेलं. मागचा धूर बाहेर जात होता. पुढचा आत जात होता. असले तडे शोधणं हेच माझं काम होतं. सर्दी नसती तर हिला वास आला असता.

पोलिसांनी विचारलं, "त्यांनी काही खूण केली का? आवाज दिला?"

"एकदा वाजवलं," मी म्हटलं. "मग दोनदा. बास."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले त्यांनी काही ऐकलं नाही. ते खरं बोलत होते.

लोक सांगतात, घरात माणूस गेलं की भास होतात. पावलं वाजतात, भांडी हलतात. मला एकही भास झाला नाही. आठ महिने घर मुकं होतं. पेल्यावर चमचा आपटला तरी मी वळून बघायचो. हिची अंगठी मी शर्टाच्या खिशात ठेवायचो. रात्रभर उशाशी ठेवायचो. काही नाही. राग असला की ही बोलायची नाही, पण त्यालाही चार दिवसांची मुदत असायची.

आठ महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला.

"जुनी अजून तिथेच आहे," म्हणाले. "पाइप नवा बसवलाय, भोक बुजवलंय. नवीही आहे. लोक येतात, नवीत बसून फोटो काढतात आणि जातात. माझं अजून ठरत नाही हो. तुम्ही बघता का परत?"

"डॉक्टर, त्या गाडीत माझी बायको गेली."

"हो हो, वाईटच झालं. मी विसरलो नाही. पण म्हणूनच म्हटलं, त्या गाडीकडे तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघणार?"

मी फोन ठेवायला हवा होता.

मी म्हटलं, "मंगळवारी येतो."

का गेलो ते आता सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी हिने तीनदा वाजवलं होतं.

मी ऐकलं होतं.

स्वच्छ ऐकलं. टक, टक, टक. पण डॉक्टर पलीकडून नवीची चावी हलवत बोलावत होते. गिऱ्हाईक मोठं होतं. मला वाटलं उंदीर असेल. नाहीतर सर्दीने कंटाळली असेल. मी मान वर न करता बॉनेटच्या वर हात काढला आणि दोन बोटं दाखवली.

दोन मिनिटं. आलोच.

त्या दोन मिनिटांची अकरा झाली.

आणि हिने दार उघडलं नाही. नियम होता ना.

आठ महिने मला एकच प्रश्न खात होता. हिचे डोळे तेव्हा मिटलेले होते की उघडे? मिटलेले असतील तर हिला वाटलं असेल, आवाज यांच्यापर्यंत पोचलाच नाही. ते मी कसंही सहन केलं असतं. पण उघडे असतील तर... तर हिने बोटं पाहिली. आणि नवरा म्हणतोय म्हणून दोन मिनिटं वाट बघत बसली.

मला तेवढंच हवं होतं. हिने पाहिलं की नाही.

दुसरा मंगळवार.

शेड तशीच. गॉगल तसाच. मला बघून जरा बाजूला उभा राहिला, मग म्हणाला, "काका, आज जुनीचा काय तो निकाल लावा. डॉक्टरांनी नाही घेतली तर सोमवारी कापायला पाठवतो. झालेलं सगळ्यांना माहीत आहे, कोणी हात लावत नाही."

"कापायला म्हणजे?"

"म्हणजे सुटे भाग काढायचे आणि उरलेला पत्रा दाबून टाकायचा. दुसरं काय करू? ठेवून तिची पूजा करू?"

आधी नवीत बसलो. चालकाच्या सीटवर. शेजारच्या सीटवर हात दाबला तशी घंटी वाजली आणि पट्ट्याचा लाल दिवा लागला. हात काढला, घंटी बंद. दिवा गेला.

मी दार लावून घेतलं आणि हळूच म्हटलं, "बसली असशील तर कळू दे."

वाट बघितली.

घंटी नाही. दिवा नाही. नवीला सगळं कळतं. नवीने सांगितलं, शेजारी कोणी नाही.

मग जुनीकडे गेलो.

या वेळी शटर पूर्ण वर केलं. रबरी पाइप लावला. धूर मोजायचं यंत्र आता माझ्याकडे होतं, आठ महिन्यांपूर्वी नव्हतं. ते आत समोरच ठेवलं. बॉनेट वर केलं. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. मागच्या वेळीही असंच लागलं होतं.

डॉक्टर बाहेर उन्हात फोनवर होते. कोणा पेशंटला सांगत होते, "कोमट पाण्याच्या गुळण्या करा, आणि जीभ लावू नका तिथे." गॉगल दुकानात गेला होता.

शेजारच्या सीटवर बसायला आता माझ्याकडे कोणी नव्हतं. मीच बसलो.

माझे गुडघे पुढे आपटले.

सीट अजून पुढेच ओढलेली होती. हिने ओढली होती तेवढीच. आठ महिन्यांत ती कोणी हलवली नव्हती.

मी दार लावलं. काच वर केली. डोळे मिटले.

आधी नुसतं इंजिन.

मग वास आला... बामचा.

मी यंत्राकडे बघितलं. शून्य. परत डोळे मिटले. आणि कानाजवळ, अगदी माझ्या कानाजवळ, काचेवर वाजलं.

टक.

एकदाच. बोटाच्या पेराचा आवाज वेगळा असतो, अंगठीचा वेगळा. हा अंगठीचा होता. मी खिसा चाचपला. अंगठी खिशातच होती.

पुढून, म्हणजे. मी उतरलो, पुढे गेलो. त्याच पत्र्याचा स्क्रू परत सैल झाला होता. मी तो आवळला. परत येऊन बसलो.

टक, टक.

मागून. डिकीचं बिजागर. तेही खरं निघालं.

तुम्हाला भीती वाटेल वाचून. मला वाटली नाही. मला रडू आलं. ही कामावर आली होती. आठ महिने घरी फिरकली नाही आणि इथे येऊन काम करत होती.

मी परत आत बसलो, दार लावलं आणि विचारलं. मोठ्याने विचारलं.

"अगं, त्या दिवशी मी बोटं दाखवली. तू पाहिलीस का?"

काही नाही.

"डोळे मिटलेले होते ना तुझे? नुसतं हो म्हण. एकदा वाजव."

इंजिन चालू होतं. बाहेर डॉक्टरांचा आवाज येत होता, तो हळूहळू लांब गेल्यासारखा झाला. मग रहदारीचा आवाज गेला. मग इंजिनाचाही गेला. इंजिन चालू होतं, सीटखाली थरथर लागत होती. फक्त आवाज नव्हता.

डोकं जड झालं.

यंत्र बघितलं. शून्य.

पायांतली ताकद गेली. असं म्हणतात की या धुरात आधी पायच जातात. मी दाराच्या मुठीकडे हात नेला. हात मांडीवरून उचललाच जाईना. उचलत होतो, आणि तो तिथेच होता.

यंत्र शून्य.

तेव्हा मला कळलं हिला काय झालं असेल. सगळं दिसतं. सगळं समजतं. दार हातभर लांब असतं, पण तो हातभरच जमत नाही.

दुसरा हात कसातरी हलला, दोन बोटांनी मी खिशातली अंगठी काढली. काचेला टेकवली.

टक.

टक.

टक.

समोर वर केलेलं बॉनेट. हिरवं. त्याच्या पलीकडे कोणी नव्हतं, मी स्वतः बघून आलो होतो.

त्याच्या कडेवरून एक हात वर आला.

घाई नव्हती. बघायची तसदीही नव्हती. कामात असलेला माणूस मान वर न करता दाखवतो, तसा.

दोन बोटं.

पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं.

दोन मिनिटं. आलेच.

मग हात खाली गेला. आणि मी वाट बघत बसलो. दुसरं काय करणार.

दार डॉक्टरांनी उघडलं. एकदम सगळे आवाज आत घुसले.

"अहो, अकरा मिनिटं फोनवर होतो मी," ते म्हणाले, "तुम्ही बसलेलेच. झोप लागली की काय? रंग उडालाय तुमचा. दाढ तर दुखत नाही ना?"

"बॉनेटजवळ कोण होतं?"

"कोणी नाही. का?"

यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं. शून्य. मागची अकरा मिनिटंही त्यात नोंदलेली होती. सगळीकडे शून्य.

उत्तर मला मिळालं होतं. हिचे डोळे उघडे होते.

गॉगल दुकानातून आला. दोघे माझ्यासमोर उभे राहिले. डॉक्टर हात चोळत होते. "मग? जुनी की नवी?"

आता नीट ऐका, कारण यापुढचं मी शुद्धीवर असताना केलं.

मला माहीत होतं, नवी सांगितली की जुनी सोमवारी कापायला जाणार. मला हेही माहीत होतं की जुनी सांगितली तर शेजारच्या सीटवर मॅडम बसणार. दोन्ही माहीत होतं. आणि तरी मी विचार केला तो असा... ही घरी येत नाही. नवीत बसत नाही. रागावलेली असली तरी ही एवढ्या एकाच जागी आहे.

"जुनी घ्या," मी म्हटलं. "गाडीत काही दोष नाही. यंत्र बघताय ना? फक्त दर महिन्याला माझ्याकडे आणायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही."

"वा," डॉक्टर म्हणाले. "बायकोला सांगतो, तज्ज्ञांनीच निवडलीय. आता बोलायला जागा नाही तिला."

गॉगलने चष्मा काढला. पहिल्यांदाच त्याचे डोळे बघितले मी, लहान आणि थकलेले.

"काका," तो म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की."

याला आता चार महिने झाले. गाडी दर महिन्याला येते. डॉक्टर चावी देऊन जातात. मी माझ्या गॅरेजचं शटर ओढून घेतो, शेजारच्या सीटवर बसतो, इंजिन लावतो. सीट मागे केलेली नसते. मॅडमनाही तेवढीच पुढे लागते.

बामचा वास येतो. एकदा वाजतं. दोनदा वाजतं. मी उतरतो, आवळतो, परत बसतो. घरातलं सांगतो. नळ गळतोय, शेजाऱ्यांची मुलगी परदेशात गेली, असलं काहीबाही. माफी मागतो. त्यावर काही वाजत नाही.

गेल्या महिन्यात गाडी न्यायला मॅडम आल्या होत्या. चावी घेताना हसून म्हणाल्या, "काका, या गाडीत बसले की मला काचेवर वाजवत बसायची खोड लागलीय. हे चिडतात. म्हणतात, काच फोडशील."

"किती वेळा वाजवता?" मी विचारलं.

"काय की. मोजलं नाही कधी."

मी कागदावर लिहिलं, गाडी ठीक आहे. सही केली.

याच मंगळवारी त्यांचा फोन आला. दुपारी सव्वातीनला. मी एका गाडीखाली झोपलेलो होतो. हात तेलाने भरलेले. कोपराने बटण दाबून फोन स्पीकरवर घेतला.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता काय झालं सांगू का? हे बॉनेट उघडून काहीतरी बघत होते. मला म्हणाले आत बस आणि इंजिन ऐक. बसले. थोड्या वेळाने डोकं जड झालं, म्हणून काचेवर वाजवलं. तीनदा. या वेळी मोजलं मी."

"मग?"

"यांनी बॉनेटवरून दोन बोटं दाखवली. मला वाटलं, थांब म्हणतायत. मी थांबले. पाय बधिर व्हायला लागले, काका. आणि मग बाजूच्या काचेतून बघते तर हे घरातून पाण्याची बाटली घेऊन येत होते. ते गाडीजवळ नव्हतेच."

मी पाना खाली ठेवला.

"आणि ती बोटं यांची नव्हती. एका बोटाचं नख चिरलेलं होतं. मधोमध. मी यांना सांगितलं तर हसतात. म्हणतात, तुला नवी हवी होती ना, म्हणून चाललंय सगळं. काका, तुम्ही खरं सांगा. त्या गाडीत काही आहे का?"

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, जिभेवर आलं होतं.

आणि मी म्हणालो, "मॅडम, हातात काम आहे. दोन मिनिटांत फोन करतो."

फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोललो ते.

आज शुक्रवार. मी फोन केलेला नाही.

काय सांगायचं ते मला पाठ आहे. गाडीत परत बसू नका. कोणाला विकू नका. कापायला द्या. एवढंच सांगायचंय, दोन मिनिटंही लागणार नाहीत.

पण गाडी कापली तर ही बसेल कुठे?

हे लिहीत असताना मघाशी फोन वाजला. मॅडमचा नंबर.

तीनदा वाजला. मग बंद झाला.

लिहून झालं की करतो, म्हटलं.